आत्याची किडनी आणि बिब्बा

"मोलस्कम," बीडच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "घाबरू नका. साधा व्हायरस आहे. लहान मुलांना सर्रास होतो."

त्यांनी आधी माझ्या मुलीची, मितूची, काख भिंगातून पाहिली होती. तिथे सात-आठ दाणे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, वरून चकचकीत, आणि प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखा खड्डा. मग त्यांनी माझी मान पाहिली. माझ्या मानेवर डाव्या बाजूला तसेच दाणे होते, ओळीने. मितू तेव्हा पाच वर्षांची होती आणि रोज माझ्या मानेवर हात टाकूनच झोपायची. तिचा हात जिथे पडायचा, बरोबर तिथे.

"तुम्हाला कुठल्या गोळ्या चालू आहेत का?"

मी पिशवीतून फाईल काढून दिली. पहिलं पान वाचता वाचता बाईंचं हसू गेलं. दुसरं पान त्यांनी उलटलंच नाही. "ट्रान्सप्लांट झालंय तुमचं? मग आधी का नाही सांगितलं?" त्यांनी माझी मान पुन्हा पाहिली, पण या वेळी पहिल्यांदा पाहिली तशी नाही. त्या दिवशी माझ्या मानेवर एकूण चौदा दाणे होते, आणि मला वाटत होतं, मलम मिळेल आणि दुपारच्या गाडीने आम्ही घरी जाऊ.

हे सगळं लिहायचं कारण असं की हा आजार घरोघरी होतो आणि बहुतेक घरांत काही न करता जातो. तुमच्याही घरी लेकराच्या अंगावर असे दाणे दिसले तर जीव टांगणीला लावू नका. पण घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर पुढचं वाचा.

मोलस्कम कन्टॅजिओसम असं या आजाराचं पूर्ण नाव. कन्टॅजिओसम म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागणारं. कातडीला कातडी लागून पसरतो, एकच टॉवेल वापरला की पसरतो, आणि खाजवलं तर आपलाच आपल्याला पसरतो. निरोगी लेकराचं शरीर काही महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षाने, त्याला ओळखतं आणि हुसकून लावतं. माझ्या शरीराला मात्र ओळखायची मनाई आहे. मी सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घेते त्यांचं कामच इम्युनोसप्रेशन, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती दाबून धरणं. ती दाबली नाही तर माझं शरीर माझ्या पोटातल्या किडनीला परकं समजून मारून टाकील. आणि ती किडनी माझी नाही. ती माझ्या सासूबाईंची आहे.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आम्ही केजजवळच्या एका गावात राहतो. मी तिथली अंगणवाडी सेविका, नवरा अशोक केज-बीड जीप चालवतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. कशाने ते आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही. मितू तेव्हा रांगत होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, उरलेले दिवस अंथरूण. माझी आई मी दहा वर्षांची असतानाच गेली, भावाला शुगर, अशोकचा रक्तगट जुळत नव्हता. आत्याचा जुळला.

सासूला कायद्याने जवळची नातेवाईक धरत नाहीत, म्हणून प्रकरण सरकारी कमिटीपुढे गेलं. टेबलामागे पाच-सहा साहेब, समोर कॅमेरा, आणि अंगठ्याऐवजी मुद्दाम सही शिकून आलेली माझी सासू. एका साहेबांनी तिला खोदून खोदून विचारलं, कुणाचा दबाव आहे का, मुलाने गळ घातली का, सुनेला किडनी का देता. आत्या म्हणाली, "तिला माय न्हाई, सायेब. मंग कोन देनार?" मग म्हणाली, "आन एकदा दिली की तिची झाली. म्या परत मागनार न्हाई, लिहून घ्या." साहेब हसले. मी मात्र खाली मान घालून रडले, कारण त्याआधीची सहा वर्षं मी त्याच बाईशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून भांडत होते.

तेव्हा संभाजीनगरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आम्हाला एक कागद वाचून दाखवला होता. झाडपाला, भस्म, काढा, गावठी औषध काहीही घ्यायचं नाही, लावायचं नाही, घेतलंच तर लपवायचं नाही. त्याखाली तीन सह्या होत्या. माझी, अशोकची आणि आत्याची ती नवीकोरी सही.

मोलस्कमकडे परत येते. कातडीच्या बाईंनी क्युरेटाज केलं. म्हणजे बारीक चमच्यासारख्या हत्याराने एकेक दाणा खरवडून काढणं. आधी भूल देणारं मलम लावतात, तरी दुखतंच. चौदा काढले. तीन आठवड्यांनी सव्वीस आले. बर्फाहून थंड अशा द्रव नायट्रोजनने जाळून पाहिलं. महिन्याभरात हनुवटीवर आले, गालावर आले, एक तर पापणीच्या काठावर आला, डोळा मिटला की खुपायचा. मी मोजायचं सोडून दिलं तेव्हा आकडा शंभराच्या पुढे होता.

मितूचे दाणे मात्र आठच्या आठच. ती फ्रॉक वर करून कुणालाही दाखवायची, "मोत्याचे हायत माझे."

तिला माझ्यापासून वेगळं झोपवायला सांगितलं होतं. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, उशी वेगळी. ती आत्याजवळ झोपायला लागली. रोज विचारायची, "मम्मी, आज बरं झालं?" मी म्हणायचे, उद्या. हे मी किती दिवस म्हटलं ते सांगायची मला शरम वाटते.

अंगणवाडीत मी गेली बारा वर्षं पोरांना हात कसे धुवायचे ते शिकवते. साबणाचं गाणंसुद्धा मीच रचलंय. आणि त्याच अंगणवाडीत खिळ्याला एकच टॉवेल टांगलेला असायचा, बावीस पोरांना मिळून. हे मला दाणे झाल्यावर दिसलं. मितूही माझ्याच अंगणवाडीत बसायची. हा व्हायरस तिथूनच घरी आला की आणखी कुठून, देव जाणे असं म्हणायची सवय आमच्या घरात नाही, म्हणून एवढंच म्हणते की मला माहीत नाही. टॉवेल मात्र मी त्याच दिवशी काढला.

पण तोवर आयाबायांनी माझं तोंड पाहिलं होतं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त पोरं यायची थांबली. ऊसतोडीला गेलेल्या घरांची पोरं दिवाळीनंतर तशीही नसतात, पण या वेळी गावातलीही येईनात. मदतनीस बाई म्हणाली, "म्याडम, तुमी थोडे दिस घरी ऱ्हावा, म्या बघते." मी घरी राहिले. आरशावर अशोकचा शर्ट टांगला आणि घरी राहिले.

संभाजीनगरच्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. मोठे डॉक्टर, कमी बोलणारे. मी हात जोडून म्हटलं, "सर, गोळ्या थोड्या कमी करा. तेवढं केलं की जातील असं कातडीच्या मॅडमही म्हणतात."

ते म्हणाले, "जातीलही. पण गोळी कमी केल्यावर किडनी राहील, असं मी लिहून देऊ शकत नाही. दाणे दिसायला वाईट आहेत, पण त्यांनी जीव जात नाही. थांबा."

"किती थांबू?"

"सहा महिने बघू."

बरोबरच होतं त्यांचं. आज मला ते बरोबर वाटतं. त्या दिवशी मात्र रिक्षात बसल्या बसल्या मला वाटलं, या माणसाच्या पापणीवर एक दाणा यायला हवा, मग बघू किती थांबतो.

गावात शेजारच्या काकू आल्या. माझ्यावर त्यांचा जीव आहे, खोटं बोलणार नाही. माझा चेहरा बघून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "देवीचं हाय गं हे. हिरवी चोळी बोल, सोमवारी जाऊन यिऊ."

आत्या आतून भाकरी थापता थापताच म्हणाली, "आमच्यात देवाचं न्हाई, बाई. सासऱ्यानं देव हिरीत सोडले त्या दिशीच ते समदं बंद झालं." आमच्या आजेसासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हा देव्हारा उचलून विहिरीत टाकला होता. ती गोष्ट आमच्या घरात लग्न होऊन येणाऱ्या प्रत्येक सुनेला पहिल्या आठवड्यातच ऐकवतात. मलाही ऐकवली होती, दोनदा.

काकू गेल्या. आत्या हात धुऊन माझ्यापुढे येऊन बसली. मग म्हणाली, "देव न्हाई ते खरं. पर बिब्बा काय देव थोडाच हाय? त्यो तर झाडाचं फळ हाय."

बिब्बा ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. काळं, बदामासारखं फळ. सुईने टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. काटा मोडला, पायाला कुरूप झालं, चामखीळ आली की आमच्याकडे या तेलाचा चटका देतात. आत्याने आयुष्यभर दिलाय. गावातले अर्धे पाय तिने बरे केलेत. तसं ते तेल जहरी. कुणाकुणाच्या अंगावर उततं, म्हणजे कातडी सुजते, फोड येतात, पाणी गळतं. म्हणून ती आधी विचारायची, तुला बिब्बा सोसतो का.

मलाही विचारलं. लहानपणी एकदा टाचेला लावला होता, काही झालं नव्हतं. मी म्हटलं, सोसतो.

मला कळत नव्हतं असं नाही. कागद आठवत होता, तीन सह्या आठवत होत्या. पण माणूस रडकुंडीला आला की शहाणपण कुठे जातं कुणास ठाऊक. मी शिकलेली, रजिस्टर भरणारी, लसीकरणाला कुरकुर करणाऱ्या बायकांना समजावणारी बाई. मी आपणहून भिंतीला टेकून बसले आणि मान वर केली.

दुपारचे तीन वाजले होते. अशोक जीप घेऊन गेला होता, मितू अंगणात खेळत होती. आत्याने सुई तापवली. "दुकलं तर सांग," म्हणाली. जबड्याच्या कडेने अकरा दाणे निवडून तिने एकेकाला टोक लावलं. हात इतका हलका की लागलं सुद्धा नाही. लावताना एक-दोनदा तेल ओघळलं, ते तिने पदराने टिपलं.

"हे गेले की बाकीचे लावू," ती म्हणाली. "डाक्टरला सांगू नको. उगं वरडंल."

दुसऱ्या दिवशी चेहरा जड झाला. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे मिटले. जबडा सुजून कानापर्यंत गेला, काळपट फोड आले आणि त्यांतून पाणी गळायला लागलं. आत्याने खोबरं चावून चावून लावलं, उतलेल्या बिब्ब्यावर तेच लावतात. मला पाणीसुद्धा गिळता येईना. अंगात ताप चढला. अशोकने विचारलं, "काय झालं हे एकाएकी?" आत्या माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वाढलंय."

जीपमधले प्रवासी त्याने केजलाच उतरवून दिले आणि मला मागच्या सीटवर आडवं करून थेट संभाजीनगरला नेलं. आत्या मितूला घेऊन दारात उभी होती. ती गाडीजवळ आली नाही.

वॉर्डात ज्युनिअर डॉक्टरने विचारलं, "चेहऱ्याला काही लावलं होतं का? क्रीम, पाला?"

"नाही."

संध्याकाळी कातडीच्या विभागातले डॉक्टर आले. त्यांनीही विचारलं. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला मोठे डॉक्टर आले. माझं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्त कितपत साफ करते ते सांगणारा आकडा, चार वर्षं १.२ होतं. वाढलं की समजायचं किडनी मागे पडतेय. त्या सकाळी ते २.६ होतं. त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला आणि मला विचारलं, "सुजाताताई, काही लावलं होतं का? काहीही?"

मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं.

का म्हटलं, ते सांगते, कारण हे लिहायचं खरं कारण तेच आहे. मला आत्याची लाज वाचवायची होती. जिने मला पोटातली किडनी काढून दिली, तिने मला बिब्बा लावला, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? डॉक्टर तिला सगळ्या वॉर्डासमोर बोलतील. अशोक बोलेल. भावकीतले लोक तर टपलेलेच, सुनेला किडनी दिली तेव्हाही ते म्हणाले होते की म्हातारीला वेड लागलंय. आणि ती म्हणाली होती, सांगू नको. आत्याने माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

मोठे डॉक्टर अशोकला बाजूला घेऊन बोलले, पण मला ऐकू येत होतं. "दोन शंका आहेत. एक म्हणजे शरीर किडनी नाकारतंय. दुसरी म्हणजे हे दाणे कदाचित मोलस्कम नाहीतच. क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यात ती आत, मेंदूपर्यंत जाते, आणि कातडीवर हुबेहूब असेच दाणे येतात. इतक्या झपाट्याने बिघडलंय म्हणून मला तिची भीती वाटते. कातडीची बायोप्सी करतोय, म्हणजे तुकडा काढून तपासणी. रिपोर्टला दोन दिवस लागतील. तोवर थांबणं धोक्याचं आहे. दुपारी अँफोटेरिसिन सुरू करू."

"ते काय असतं, सर?"

"बुरशीवरचं सगळ्यात जोरदार इंजेक्शन. पण ते किडनीला कठीण जातं. या अवस्थेत किडनी ते सोसेल की नाही, मी सांगू शकत नाही. जीव आधी."

मी अंथरुणावर पडून होते. डोळे सुजून मिटलेले. तोंड उघडून दोन अक्षरं बोलायची होती. बिब्बा. बोलले असते तर कदाचित ते इंजेक्शन टळलं असतं. नाही बोलले तर ते आत्याच्या किडनीत जाणार होतं. आत्याची लाज राखायला मी आत्याचीच किडनी पणाला लावत होते, हे मला तिथे पडल्या पडल्या स्वच्छ कळत होतं. तरी माझं तोंड उघडलं नाही. त्या पाच-सहा तासांइतकी मी स्वतःला कधी तुच्छ वाटले नाही. ते तास मी विसरणार नाही, आणि विसरायचेही नाहीत.

अशोकने घरी फोन केला होता. इंजेक्शनचं सांगितलं, किडनी जाईल म्हणाला. पलीकडून आत्याने फक्त एवढंच विचारलं, "किती वाजता देनार हायत?"

नंतर काकूंनी मला सांगितलं की तिने मितूला त्यांच्या ओसरीवर सोडलं आणि पायातली चप्पल नीट न घालताच फाट्यावर गेली. केजपर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर, तिथून बीड, बीडहून दुसरी एसटी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. संभाजीनगरला ती एकटी कधीच आली नव्हती.

दुपारी सिस्टर सलाईनची नवी नळी लावत होत्या, तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला. ती वॉर्डात नव्हती, बाहेर टेबलाजवळ होती. मोठे डॉक्टर तिथे उभ्याने फाईल लिहीत होते.

"जय भीम, सायेब. वळकलं का? म्या किडनीवाली."

"ओळखलं ना, मावशी. बसा."

"बसत न्हाई." मग टेबलावर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. "ह्यो बिब्बा. म्या लावला तिला. अकरा जागी. तुमी कागूद वाचून दाखवला व्हता, त्याच्यावर माजी सही हाय. तरी म्या लावला. तिला म्याच म्हनलं, सांगू नको."

सिस्टरचा हात माझ्या मनगटावर तसाच थांबला.

"आता ते इंजेक्शन दिऊ नका, सायेब. मला काय बोलायचं ते बोला. ती किडनी माजी हाय. म्या देताना म्हनले व्हते, दिली की तिची. पर आज म्हनते, माजी हाय. म्या दिलेली म्याच जाळनार न्हाई."

मोठे डॉक्टर ओरडले. खोटं कशाला सांगू, चांगलेच ओरडले, त्या चार मिनिटांत चार वर्षांचं एकदम बोलले. तिलाही आणि आत येऊन मलाही. "तीनदा विचारलं आम्ही! तीनदा! उद्या हिची किडनी गेली असती तर कुणाला दोष दिला असता? मलाच ना?" मी हो म्हटलं. खरंच, त्यांनाच दिला असता.

मग त्यांनी कातडीच्या डॉक्टरांना पुन्हा बोलावलं आणि आत्याला माझ्या खाटेशी आणलं. "मावशी, कुठे कुठे लावला, दाखवा." आत्याने बोट न लावता एकेक जागा दाखवली. अकराच्या अकरा. जिथे तेल ओघळलं होतं त्या दोन रेषाही दाखवल्या, फोड नेमके त्याच रेषांवर होते. कातडीचे डॉक्टर म्हणाले, "केमिकल बर्न आहे हा, आणि त्यावर सेल्युलायटिस." केमिकल बर्न म्हणजे रसायनाने भाजणं, सेल्युलायटिस म्हणजे त्या भाजलेल्या कातडीतून जंतू आत शिरून पसरणं. आणि जिथे बिब्बा लागला नव्हता तिथले दाणे पूर्वीसारखेच होते, चकचकीत, मधे खड्डा असलेले. बुरशी असती तर तेही बिघडले असते.

अँफोटेरिसिन थांबवलं. जंतूंवरचं औषध, सलाईन आणि सूज उतरवायची गोळी सुरू झाली. दोन दिवस पाणी न गिळल्याने, तापाने, आणि कदाचित त्या तेलाच्या विषानेही किडनी थकली असावी, असं मोठे डॉक्टर म्हणाले. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. दोन दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला. मोलस्कमच होता. बुरशी नाही.

२.६ चं २.३ झालं. मग २.३ च राहिलं, आणि त्या दिवशी आत्या जेवली नाही. मग १.९. अकराव्या दिवशी घरी सोडलं तेव्हा १.५ होतं. १.२ परत आलं नाही. आता येणारही नाही, असं स्पष्ट सांगितलंय. तेवढी किडनी आम्ही दोघींनी मिळून घालवली. हे मी गोड करून सांगणार नाही.

त्यानंतर मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच एक गोळी थोडी कमी केली, दर आठवड्याला रक्त तपासायच्या अटीवर. मला वाटतं, आम्ही पुन्हा काही उद्योग करू, या भीतीनेच केली असावी. आठ महिने लागले. दाणे आधी लाल झाले, सुजले. मी घाबरले, तर कातडीच्या बाई म्हणाल्या, "हे चांगलं लक्षण आहे, शरीराने ओळखलंय आता." मग एकेक करून वाळले. पापणीवरचा सगळ्यात शेवटी गेला. मितूचे आठ कधीच गेले होते, तिच्या लक्षातही आलं नाही. नंतर तिने मोती हरवले म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं होतं.

अंगणवाडीत आता खिळे बावीस आहेत आणि प्रत्येकावर नाव घातलेला रुमाल. पोरं आली परत. ज्यांनी पोरं पाठवली नव्हती त्यांच्यावर माझा राग नाही. मीही पाठवली नसती.

माझ्या जबड्यावर मात्र अकरा काळे डाग राहिलेत. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, बिब्बा लावला होता, ट्रान्सप्लांटच्या पेशंटने. ऐकणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, होऊ दे. तुमच्यापैकी कुणी असंच काही लावून बसलं असेल, पाला, चुना, राख, काहीही, तर आजच फोन करा डॉक्टरांना. ते ओरडतील. ओरडू द्या. ओरडून घेण्याने कुणाची किडनी गेलेली मी ऐकली नाही.

आत्याने बिब्बे टाकून दिले, असं मला वाटलं होतं. तसं नाही. अजूनही गावातली माणसं पाय घेऊन येतात आणि ती लावते. पण आता सुई तापवायच्या आधी ती विचारते, "कंच्या गोळ्या चालू हायत का? खरं सांग." मुकाट राहिलं तर ती लावत नाही, केजच्या दवाखान्यात पाठवते.

दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट फोनवर येतो. मी आधी बघत नाही. मितू आता पहिलीत आहे, आकडे वाचते. परवा आला तेव्हा ती माझ्या अंगावर रेलून बसली होती, हात माझ्या मानेवर, त्याच जुन्या जागी. आत्या समोर शेंगा फोडत होती. तिने फोडायच्या थांबवल्या.

"एक टिंब पाच," मितूने वाचलं.

आत्याने सुस्कारा सोडला. चार वर्षं ती म्हणायची तुझी, आणि त्या दुपारी डॉक्टरांसमोर म्हणाली होती माझी. परवा म्हणाली, "चालू हाय मंग आपली," आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.